गोल बटणाचा फोन

"गोल बटणाचा फोन आहे का?" नांदुऱ्याच्या त्या दुकानाची पायरी चढता चढताच मी विचारलं.

काउंटरमागच्या मालकाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खांद्याला टेकून एकेक पाऊल ओढत येणाऱ्या माझ्या नवऱ्याकडे. मग तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "काकू, बटणाचा जमाना गेला. आता सगळं काचेवर."

"जमाना जाऊ द्या. एक बटण असलेला दाखवा. खाली, मधात, गोल."

"तसा येतच नाही आता. हा पाहा ना, याचा कॅमेरा..."

कॅमेरा झाला, चार्जिंगचा वेग झाला, गेम खेळताना फोन गरम होत नाही हेही झालं. मी ऐकून घेतलं, कारण जळगाव जामोदहून एसटीने नवऱ्याला इथवर आणता आणता माझा दम संपला होता. शेवटी म्हटलं, "भाऊ, यायले गेम नाही खेळाचा. मले एवढंच सांगा, डाव्या हाताच्या अंगठ्यानं हा फोन उघडते का, आणि एका दाबात मले फोन लागते का."

मालक म्हणाला, सगळे फोन सगळ्यांना लागतात. त्याची चूक नव्हती. माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते त्याला कुठून कळणार?

माझा नवरा बैलबाजारातला दलाल. तालुक्यातालुक्याचे बाजार त्यांनी पायाखाली घातलेले. आमच्याकडे बैलाचा भाव तोंडाने होत नाही. विकणाऱ्याचा हात, घेणाऱ्याचा हात, मध्ये दलाल, वर दुपट्टा. दुपट्ट्याखाली बोटं दाबायची. कोणतं बोट, किती बोटं, कितीदा, यावरून भाव कळतो तो फक्त त्या हातांना. भोवती उभ्या असलेल्या गर्दीला दिसतो तो नुसता हलणारा कपडा. आणि तोंड? तोंड मोकळंच असतं. तोंडाने पाऊसपाणी, लग्नकार्य, "हाव हाव, जोडी लाखात एक आहे" चालू, आणि हाताने त्याच वेळी सौदा मोडून टाकलेला. तोंडावर भाव दिसला तो दलाल उपाशी मेला, असं ते म्हणत. ट्रॅक्टर आले, बाजार ओसरले, तरी खांद्यावरचा दुपट्टा काही उतरला नाही.

मग लकवा आला. उजवा हात, उजवा पाय, चेहऱ्याची उजवी बाजू गेली आणि त्याबरोबर शब्द गेले. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, बोलण्याची जागा मेंदूत जिथं असते तिथंच रक्त पोचलं नाही. हळूहळू काही शब्द येतील म्हणाले. आला एकच, होकाराचा. हाव.

जेवले का? हाव. भूक लागली का? हाव. ऊन लागते का? हाव. सावली लागते का? हाव. एकदा चिडून मी विचारलं, "मी कोण हावो तुमची, चुलती का?" तर डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, हाव. त्या दिवशी मी चुलीपुढे बसून खूप रडले. सगळ्याला होकार देणारा माणूस म्हणजे ज्याला काहीच मागता येत नाही असा माणूस, हे मला तेव्हा समजलं. त्याला काय नको, ते कधीच कळत नाही. नको असलेलं पांघरूण, नको असलेला भात, नको असलेला पाहुणा, सगळ्याला हाव.

या सगळ्यात एक गोष्ट शाबूत राहिली होती, ती म्हणजे तो जुना आयफोन. आमचा मुलगा पुण्याला नोकरीला. त्याने स्वतःला नवा घेतला तेव्हा आधीचा बापाला दिला. बाजारात लोक चेष्टा करत, "दलालाच्या खिशात बैलजोडी हाये!" ते मिरवत. खालच्या गोल बटणावर अंगठा ठेवला की फोन उघडायचा. मुलाने समोर दोनच मोठे फोटो ठेवून दिले होते, एक माझा, एक त्याचा. फोटो दाबला की फोन लागायचा. हे लकव्याच्या आधीपासूनचं होतं म्हणून टिकलं. डोकं विसरलं, पण डावा अंगठा विसरला नाही.

त्या अंगठ्यावर आमचा संसार चालला होता, खरंच सांगते. मी आमच्या गावातल्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला आहे. सकाळी अंधारात जाते, दुपारच्या पंगती उठल्या की घरी येते. तेवढा वेळ ते एकटे. शेजारीण मध्ये डोकावते, पण तिलाही तिचं घर आहे. काही झालं की ते मला फोन लावत. मी उचलला की पलीकडून "हाव". त्या एका हावच्या आवाजावरून मी ओळखायची, पाणी सांडलं की औषध सापडत नाही की नुसता कंटाळा आलाय. निम्मं चुकायचं. तरी तो आवाज आला म्हणजे माणूस आहे, एवढं कळायचं.

मग बाजारात बदलून घेतलेली बॅटरी फुगली आणि फोनची काच वर उचलली गेली. गावातल्या दुरुस्तीवाल्याने हात जोडले. म्हणाला, काकू, याचे भाग मिळत नाहीत आता, आणि हा उशाशी ठेवू नका, पेट घेईल. मी तो उचलून फडताळावर ठेवला आणि दोन दिवसांत काहीतरी पाहू म्हणून कामावर गेले.

दुपारी परत आले तर ते न्हाणीच्या उंबऱ्यावर आडवे. कधी पडले कोण जाणे. लुगडं वाळत घालायची काठी ओढून त्यांनी फडताळावरचा तो फोन पाडला होता, आणि बंद पडलेल्या त्या फोनच्या गोल बटणावर त्यांचा अंगठा दाबलेला. दाबत होते, सोडत होते, दाबत होते. मी फोन काढून घ्यायला गेले तर अंगठा सुटेना.

संध्याकाळी मुलाचा व्हिडिओ कॉल माझ्या मोबाइलवर आला. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आई, हे असं नाही चालणार. माझ्या घराजवळ एक केंद्र आहे. अशाच पेशंटसाठी. दिवसरात्र माणूस असतो. बाबांना तिथे ठेवू."

"अन् मी?"

"तू माझ्याकडे राहा ना. रविवारी जाऊ आपण त्यांना भेटायला."

रविवारी. ज्या माणसाच्या ताटाला ताट लावून मी इतकी वर्षं जेवले, त्याला आता रविवारी भेटायचं. तेवढ्यात मुलगा म्हणाला, "बाबांना दे." मी स्क्रीन त्यांच्यापुढे धरली.

"बाबा, पुण्याला येता ना?"

"हाव," ते म्हणाले.

मुलाचे डोळे भरून आले. तो वाईट नाही, हे मी आधीच सांगून ठेवते. त्याला खरंच वाटलं, बापाने होकार दिला. "पाहिलं का आई," तो म्हणाला, "महिनाअखेर मी गाडी घेऊन येतो."

मी चिडले. म्हटलं, "तुझ्या बापाचं हाव तुले माहीत नाही का बे? तो त्या दगडालेही हाव म्हणते." तो म्हणाला, पण नाही तर म्हणाले नाहीत ना? शेवटी मी एवढंच म्हटलं, "नवा फोन घेते. तुझ्या बाबानं त्यावरून स्वतः तुले फोन लावला, तरी नेशील का?"

"लावू दे आधी," तो म्हणाला.

म्हणून आम्ही नांदुऱ्याला आलो होतो. नवा आयफोन आमच्या आवाक्याबाहेरचा, आणि त्यालाही गोल बटण उरलं नाही असं मुलानेच सांगितलेलं. म्हणजे उरला अँड्रॉइड, आणि तोही मधल्या दरातला. माझा स्वतःचा साधा फोन अँड्रॉइडच. मला वाटलं, मला जमतो तर त्यांना का नाही जमणार? केवढी मी शहाणी! माझ्याकडे दोन हात आहेत, आणि चुकलं तर तोंडाने शिव्या घालता येतात.

मालकाने पुढ्यात पाच-सहा फोन मांडले. सगळे सारखेच दिसत, काळे आणि गुळगुळीत. एक त्याने विशेष कौतुकाने पुढे केला, कडेला काच वळलेली, बोट लावायची जागा काचेच्या आत लपलेली. त्याने तो यांच्या डाव्या हातात दिला आणि विचारलं, "काका, आवडला का?"

"हाव."

मला माहीत होतं. जगात मला एकटीला माहीत होतं की त्या हावला काही अर्थ नाही. पण परतीची बस पकडायची होती, ते लघवीला कासावीस झाले होते, आणि कुणीतरी एकदाचं ठरवून टाकावं असं मला वाटत होतं. मी म्हटलं, द्या हाच. मालकाने खोकं यांच्या हातात देऊन फोटो काढला, दुकानाच्या स्टेटसला टाकायला. नवा फोन घेणाऱ्या प्रत्येकाचा टाकतो म्हणे. फोटोत यांचा अर्धा चेहरा हसतोय. दुसरा अर्धा काय म्हणत होता, ते मी पाहिलं नाही.

घरी आल्यावर कळलं, आपण काय आणलंय ते.

बटण असायचं तिथं अंगठा जाई. खाली, मधात. तिथं नुसती काच. ते दाबत, काच ढिम्म. बोट लावायची खरी जागा वर, आणि ती दिसायची ती पडदा जागा असला तरच. चुकून उघडलाच तर अंगठा जरा सरकला की सगळं पान उडून जाई आणि भलतंच काही समोर येई. कधी विजेरी लागे, कधी कॅमेरा उघडून त्यांचाच चेहरा दाखवी. तो त्यांना मुळीच पाहायचा नसे. जुन्या फोनवर आलेला फोन आडवं सरकवून उचलायचा, यावर वर सरकवायचा. मी कामावरून फोन करी, तो वाजत राही. मला डोळ्यांपुढे दिसायचंच की ते हातात धरून बसलेत, अंगठा डावीकडून उजवीकडे ओढताहेत, पुन्हा ओढताहेत, आणि फोन वाजून वाजून थांबतोय.

तव्यावर भाकरी टाकून मी घरी पळत सुटे. पाच मिनिटांची वाट, पण छाती फुटायची. घरात शिरावं तर ते खाटेवर बसलेले, फोन मांडीवर, आणि माझ्याकडे असं पाहत, जणू चोरी करताना पकडले गेलेत. एकदा त्यांनी अंथरुणातच केलं होतं, कारण सकाळपासून मला बोलावायला धडपडत होते. ते स्वच्छ करताना मी त्यांना ओरडले. "इतकं सोपं आहे हो! असं वर सरकवा! वर!" ते म्हणाले, हाव. आणि मग डाव्या हाताने त्यांनी स्वतःच्या तोंडावर मारून घेतलं. एकदा, दोनदा. मी तो हात धरला तेव्हा थांबले.

वसतिगृहाच्या बाईंनी समज दिली, मुलींच्या भाकऱ्या जळतात, असं रोज चालणार नाही. मी कुणाकुणाला तोंड देऊ? काम सोडलं तर खायचं काय, काम धरलं तर ते पुण्याला. दिवस सरत होते. बाहेर लोकांच्या तुरी सोंगून होत होत्या, सातपुड्याकडून सकाळचा गार वारा येई, आणि मी कढईपुढे उभी राहून एकच विचार करी, महिनाअखेर. देवाला मी काही मागितलं नाही. देवाचाही फोन लागत नव्हता.

शेवटी एका सुटीच्या दिवशी मी तो फोन पिशवीत घातला, यांना उठवलं आणि पुन्हा नांदुरा गाठलं. भांडायचं ठरवूनच गेले होते.

मालक म्हणाला, खोकं फोडलेला फोन परत घेता येत नाही, जुन्या भावात घेतो. मी आवाज चढवला. म्हटलं, "तुम्ही यायले विचारलं, आवडला का. ह्या माणसाले सगळंच आवडते, माहीत आहे का तुम्हाले? याले विष दिलं तरी आवडते!" दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून पाहू लागली. मला रडू फुटलं. मालक गडबडला, स्टूल पुढे केलं, पाणी मागवलं. म्हणाला, "बसा काकू. दुसरा पाहू. तोट्यात मी जाईन थोडा."

नेहमी मी त्यांच्या उजव्या बाजूला बसते, मेलेला हात सावरायला. त्या दिवशी उजवीकडे नव्या मालाची खोकी छातीइतकी रचलेली होती. म्हणून मी डावीकडे बसले. आयुष्य कशावर पालटावं, तर खोक्यांवर.

मालकाने पहिला फोन यांच्या हातात दिला. त्यांनी तो चाचपला, उलटसुलट केला, खाली ठेवला. "काका, हा?"

"हाव."

त्याच वेळी दुपट्ट्याचं टोक माझ्या मांडीवर आलं, आणि त्याखाली त्यांचा हात माझ्या हातात शिरला. मला वाटलं, तोल सांभाळायला धरलाय. तर हाताने झटका दिला आणि सुटला.

दुसरा फोन. पुन्हा चाचपणं. "हा चांगला आहे ना काका?" "हाव." दुपट्ट्याखाली हात आला. झटका.

तो झटका मला ओळखीचा वाटला. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला आम्ही साडी घ्यायला गेलो होतो, तेव्हा दुकानात त्यांनी गुपचूप माझा हात दुपट्ट्याखाली घेतला होता. दुकानदार साडी उलगडत होता आणि हे कानाशी सांगत होते, "तोंडानं सगळ्याच चांगल्या म्हण. आवडली तर हात दाब. नाही तर झटका दे. त्याले कळू नको देऊ." भावाचे आकडे त्यांनी मला कधी शिकवले नाहीत, ते धंद्याचं गुपित होतं. पण हे दोन शब्द शिकवले. जमलं आणि नाही जमलं. पुढे कित्येक वर्षं भांडी, बांगड्या, मुलाची सायकल, सगळं आम्ही असंच घेतलं. तो हात उजवा होता. उजवा मेला तेव्हा मी समजले, ती भाषाही मेली. डाव्या बाजूला मी कधी बसलेच नव्हते.

म्हणजे ते इतके दिवस नाही म्हणत होते. घरभर, दिवसभर, खाटेच्या लाकडाला, पांघरुणाच्या टोकाला, रिकाम्या हवेला डावा हात झटकत होते, आणि मला वाटायचं, आजारानेच हात उडतोय. मी तो हात धरून खाली दाबून ठेवायची.

मी डोळे पुसले. मालकाला म्हटलं, "भाऊ, अजून दाखवा. सगळे दाखवा." माझा हात मी दुपट्ट्याखालीच ठेवला.

फोन हातात घ्यायचा, बैलाचे दात पाहावे तसा बोटांनी सगळीकडून चाचपायचा, खाली ठेवायचा, मग माझा हात शोधायचा. झटका. झटका. तोंडाने मात्र प्रत्येकाला हाव, तेही इतक्या अगत्याने की मालकाला वाटलं काका कुठलाही नेतील. दलाल पुरा रंगात आला होता. हसू की रडू, मला कळेना.

शेवटचा फोन मागच्या फळीवरून निघाला. जाडसर, कॅमेऱ्याचं फारसं कौतुक नसलेला, मालक म्हणाला तो कुणी मागतच नाही. त्याच्या उजव्या कडेला एक खरंखुरं बटण होतं, जरा खोलगट, आणि त्याच बटणात बोट ओळखायची सोय. डाव्या हातात फोन धरला की त्यांचं मधलं बोट आपोआप त्या खळग्यात जाऊन बसलं. त्यांनी ते दाबलं. पडदा उजळला. पुन्हा दाबलं, विझला. मग फोन खाली ठेवला.

दुपट्ट्याखाली त्यांनी माझा हात धरला आणि असा दाबला की माझ्या अंगठीचा वळ उठला.

"काका, हा कसा?" मालकाने विचारलं.

"हाव," ते म्हणाले. या खेपेला मीही म्हटलं, "हाव. द्या हाच."

मालक भला निघाला. त्याने सेटिंगमध्ये जाऊन पडद्याच्या खाली तीन खुणा आणून दिल्या, आणि मधली खूण गोल होती. खाली, मधात. "खरं बटण नाही काकू, नुसतं चित्र आहे," तो म्हणाला. "पण दाबलं की घरी नेते." फोन उचलायचं सरकवणं काढून त्याने नुसतं दाबायचं करून दिलं. समोर दोनच फोटो ठेवले, माझा आणि मुलाचा, दाबले की व्हिडिओ कॉल लागेल असे.

म्हणून घरी येताच सगळं सुरळीत झालं असं नाही. मधलं बोट बटण शोधे, अंगठा जुन्याच जागी जाई, दोघांचं भांडण लागे. ते फोन फेकायला उचलत, मी हात पुढे करी, झटका बसे, मी म्हणे, "बरं, नंतर." पण आता मला नंतर म्हणता येत होतं, कारण आता नको कळत होतं. भात नको, झुणका हवा. शेजारचे भजनवाले भेटायला आले की नको. खिडकी उघडी हवी. किती गोष्टी या माणसाला नको होत्या आणि मी प्रेमाने त्याच्या गळी उतरवत होते! महिनाअखेर जवळ आल्यावर एका सकाळी मी कणकेत हात घालून उभी असताना माझा फोन वाजला. पडद्यावर त्यांचा फोटो. मी कणकेच्या हाताने उचलला. पलीकडे त्यांचा कान दिसत होता, नुसता कान. "हाव," ते म्हणाले. मुली विचारू लागल्या, मावशी काऊन रडून राह्यली?

दोन दिवसांनी संध्याकाळी त्यांनी मुलाला फोन लावला. मी हात लावला नाही. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून दिला, एवढंच. मी डावीकडे बसले होते, थंडी म्हणून दुपट्टा दोघांच्या मांडीवर.

"बाबा! तुम्ही लावला?" मुलगा खुर्चीतून उठलाच. "स्वतः?"

"हाव."

मुलगा हसला, रडला, बायकोला हाक मारून दाखवलं. मला वाटलं, जिंकलो. मग तो पुन्हा बसला आणि हळूच म्हणाला, "आई, खूप छान झालं. पण फोन लावता येणं वेगळं, आणि पडल्यावर उचलणारं माणूस असणं वेगळं. ते उद्या पुन्हा पडले तर?"

मी दुपट्टा त्यांच्या मांडीवर नीट ओढून घेतला.

"मी शनिवारी गाडी घेऊन येतो," तो म्हणाला. "तिथे त्यांची आबाळ होणार नाही. बाबा, येता ना पुण्याला?"

"हाव," ते म्हणाले, हसून, अगत्याने. आणि दुपट्ट्याखाली माझ्या हाताला असा झटका बसला की बांगड्या वाजल्या.

"बघ आई. बाबा स्वतः म्हणताहेत."

"ते नाही म्हणून राह्यले."

"आई, मी आत्ता ऐकलं. तू तुझ्या मनाचं त्यांच्या तोंडी घालू नकोस."

"तू तोंड ऐकून राह्यला, बेटा," मी म्हटलं. "तुझा बाप दलाल आहे."

त्याला काही समजेना. हा फोन किती पारखून आणला, बोट ओळखतो, चेहरा दाखवतो, पुण्यापर्यंत आवाज नेतो. पण त्यांचा नकार तो नेत नव्हता. तो इथं, माझ्या मांडीवर, कपड्याखाली अडकून पडला होता. त्यांनी आयुष्यात एकही सौदा उघड्यावर केला नव्हता. कितीही घाई असो, भांडण होवो, दुपट्टा कधी सरकला नव्हता.

मी त्यांच्याकडे पाहिलं. "काढू का?" विचारलं. तोंड म्हणालं, हाव. मी खाली वाट पाहिली. हात दाबला गेला.

मी दुपट्टा काढला आणि आमचे दोन हात फोनसमोर धरले. "आता विचार पुन्हा. हात दाबला तर हाव, झटकला तर नाही. ऐकू नको. पाह्य."

मुलगा वाकून जवळ आला. "बाबा," तो म्हणाला, "पुण्याला येता?"

"हाव," ते म्हणाले, आणि त्यांच्या हाताने माझा हात झिडकारला. पडद्यावर मुलाचा चेहरा हलेना. त्याने पुन्हा विचारलं. हाव. पुन्हा झटका. तिसऱ्यांदा त्याने प्रश्न बदलला.

"आईजवळ राहता?"

"हाव."

हात दाबला गेला तो सुटेना. त्या दिवशी न्हाणीच्या उंबऱ्यावर अंगठा सुटत नव्हता, तसाच. मुलाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि त्या हातांकडे पाहिलं.

"शनिवारी मी येतो," तो शेवटी म्हणाला. "गाडी नाही आणत, एसटीनं येतो. दिवसा कुणी माणूस ठेवता येतो का, ते तिथंच पाहू. आणि आई, दुपट्टा टाक ना बाबांच्या हातावर."